अकराव्या दरवाजाचा आहेर

हरवलेल्या वस्तू सांभाळणं हा माझा पेशा आहे. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये मी हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे आणि पाहुणे खोलीत जे जे विसरून जातात ते सगळं माझ्या कपाटात येतं. चार्जर, चष्मे, लहान मुलांचा एकेकच बूट, एकदा तर कवळी. (ती न्यायला गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्याआधी फोनवर ते काय म्हणत होते हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.) अकरा वर्षांत माझ्या कपाटातून एकही वस्तू गहाळ झालेली नाही. आमचे मॅनेजर नवीन मुलींना माझं उदाहरण देतात आणि मी शेजारी उभी राहून, ऐकू येत नसल्यासारखा चेहरा करून, सगळं ऐकते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

माझी मुलगी ऋतुजा बारावीला आहे. दहावीपर्यंत ती माझ्याशी अखंड बोलायची. अकरावीत गेली आणि कुणीतरी नळ बंद करावा तशी बंद झाली. कॉलेज कसं होतं? "हं." डबा खाल्लास? "हं." भाजी आवडली नाही का? "हं." होकार, नकार, निषेध, सगळं त्या एकाच अक्षरात. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, वय आहे, होतं असं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट काढ. मी दृष्टही काढली. मिरच्यांच्या खाटाने घरभर सगळे शिंकले, ऋतुजा शिंकली, पण बोलली नाही.

मग एक दिवस तिच्या उशाशी एक जाडजूड कादंबरी दिसली. 'अकरावा दरवाजा', भाग पहिला. तिच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. मुलगी दिवसभर वाचते तरी काय, हे आईला माहीत असावं म्हणून मी दोन पानं चाळायला घेतली आणि कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही.

गोष्ट अशी होती की एका धरणाला दहा दरवाजे असतात आणि तिथल्या इंजिनिअरच्या मुलीला, इराला, अकरावा सापडतो. त्या दरवाजातून पाण्याखाली गेलेल्या गावात जाता येतं. तिच्याबरोबर समर नावाचा मुलगा असतो. तो तिचा खरा मित्र आहे की तिला फसवतोय, हे दोन भाग संपले तरी कळत नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी इरा पाण्याखाली, दरवाजा बंद आणि चावी समरच्या हातात. पुढचं पान कोरं! त्या कोऱ्या पानाकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

दुसरा भाग संपला त्या संध्याकाळी जेवताना मी सहज म्हटलं, मला तर समर चांगला मुलगा वाटतो. ऋतुजाचा घास हातातच राहिला.

"आई, तू वाचलंस?"

कित्येक महिन्यांतलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य! त्यानंतर ती पाऊण तास भांडली. समर कसा खोटारडा आहे, पहिल्या भागात तो विहिरीपाशी काय बोलला होता, ते मला कसं कळलं नाही, मी माणसांवर पटकन विश्वास ठेवते हाच माझा प्रॉब्लेम आहे, वगैरे. माझ्या आमटीवर साय धरली. इतकं सुखाचं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

तेव्हापासून तिसऱ्या भागाची वाट बघणं हा आमच्या घरातला एक कुळाचार झाला. ऋतुजा कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारायची. (सासूबाईंना वाटायचं, ती गॅस सिलिंडर किती दिवस पुरला ते बघतेय. त्या तिचं कौतुक करायच्या.) कामशेत, तळेगाव, वडगाव अशा ठिकठिकाणच्या मुलामुलींचा एक फोनवरचा ग्रुप होता आणि त्यात 'समर खरा' आणि 'समर खोटा' असे उभे दोन तट पडले होते. मी 'समर खरा' वाल्यांची कट्टर होते. पण मला ग्रुपात घेतलं नव्हतं. आयांना घेत नाहीत.

शेवटी एकदाची तारीख जाहीर झाली आणि ती नेमकी ऋतुजाच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात आली. त्या दिवशी ती आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली. आमची सगळी पार्सलं रिसॉर्टवरच येतात, कारण कान्हे गावातलं आमचं घर कुरिअरवाल्यांना कधीच सापडत नाही. ती म्हणाली, "आई, पुस्तक सोमवारी येईल. आलं की लपव. शनिवारी बाराला शेवटचा पेपर सुटतो. तोपर्यंत मी पाया पडले तरी देऊ नकोस. आणि तूही वाचायचं नाहीस. शनिवारी संध्याकाळी दोघी मिळून वाचू. एक प्रकरण मी, एक तू. मोठ्याने."

मला अगदी भरून आलं. पण नोकरीची सवय, मी म्हटलं, "नोंद झाली."

सोमवारी पुस्तक आलं. लोकलने घरी येताना मी वरचं पाकीट फोडलं, ते फक्त आतला माल नीट आहे ना हे बघायला. चारशे ऐंशी पानं. मी एक अक्षरही वाचलं नाही. (शेवटचं पान उघडलं गेलं, पण ते वाऱ्याने. लोकलच्या खिडकीत वारा फार असतो.) आणि तेव्हाच मला उमगलं की हे पुस्तक ऋतुजापेक्षा माझ्यापासूनच जास्त लपवायला हवं. म्हणून स्टेशनजवळच्या दुकानातून चकचकीत सोनेरी गिफ्ट पेपर घेतला, पुस्तक त्यात गुंडाळलं आणि चिकटपट्टीचं अख्खं रीळ त्याच्यावर संपवलं.

आता ठेवायचं कुठे? पिठाचा डबा, गाद्यांची घडी, देवघराचा खालचा कप्पा, माझ्या सगळ्या जागा ऋतुजाला चौथीपासून पाठ आहेत. साठीच्या आतलं माणूस ज्याला हात लावत नाही अशी आमच्या घरात एकच जागा आहे. सासूबाईंचं आहेराचं कपाट.

या कपाटाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला आलेला आहेर उघडत नाहीत. तो कपाटात जातो आणि पुढच्या कार्याला दुसऱ्या घरी जातो. त्या घरातून तिसऱ्या. मावळात काही लेमनसेट असे आहेत की ज्यांनी पंचवीस-पंचवीस लग्नं पाहिली, पण सरबत अजून पाहिलं नाही. यात धोका एकच, ज्याने दिलं त्याच्याच घरी ते परत जाण्याचा. म्हणून सासूबाई प्रत्येक पार्सलावर एक चिठ्ठी चिकटवतात, 'वडगावची सुमन', 'टाकव्याचे पाव्हणे'. आत काय आहे हे त्या कानाशी हलवून सांगतात. खळखळ वाजलं की काच, ठणठण वाजलं की स्टील, नुसतीच टिकटिक आली की घड्याळ. आजवर चुकलेल्या नाहीत, असं त्या म्हणतात. चुकल्या असल्या तरी कळणार कसं, कुणी उघडतच नाही.

मी ते सोनेरी पार्सल त्या ढिगात मागे सरकवून ठेवलं. सासूबाईंना सांगितलं नाही, कारण नातीसमोर त्यांच्या पोटात काही राहत नाही. ऋतुजाने नुसतं विचारलं, आजी, आईने लाडू कुठे लपवलेत, तर त्या जागा सांगत नाहीत, ताटलीत घालून आणून देतात. तेव्हा माझी योजना सर्व बाजूंनी पक्की होती.

शुक्रवारी कामावरून आल्यावर, नोकरीच्या सवयीने, मी माल जागेवर आहे ना हे तपासायला कपाट उघडलं. लेमनसेट होते. घड्याळं होती. सोनेरी काहीच नव्हतं. मी सगळी पार्सलं बाहेर काढली, परत आत ठेवली, परत बाहेर काढली. मग स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मटार सोलत होत्या.

"आई, तुमच्या कपाटात एक सोनेरी कागदातलं पार्सल होतं."

"व्हय. चांगलं होतं."

 ते कुणाला दिलंत, म्हणून मी विचारलं.

"काल मंगलच्या वास्तुशांतीला न्हेलं की बेडशाला. जड होतं, हलवलं तर वाजंना. म्हनलं भाचीचं नवं घर हाय, हलकंफुलकं कशाला द्या."

"पण त्यावर चिठ्ठी नव्हती!"

"म्हनून तर दिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चिठ्ठी न्हाई म्हंजी कुणाचं ते ठावं न्हाई. मंग कुणाला बी दिलं तरी चालतंय."

यातली चूक मला आजतागायत काढता आलेली नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि हळू आवाजात त्यांना खरं काय ते सांगितलं. सोलता सोलता सासूबाईंचे हात थांबले. वर्षभर आमची भांडणं ऐकून इरा कोण आहे हे त्यांनाही माहीत झालं होतं.

"इराचं पुस्तक व्हय ते?" त्या म्हणाल्या. "आगं माझ्या कर्मा. उद्या सकाळीच जाऊ. मी येते संगं. पर मागायचं कसं?"

खरा प्रश्न तोच होता. आमच्याकडे माणसं शेताचा बांध मागतात, सोयरीक मोडली तर साखरपुड्याची अंगठी मागतात. पण दिलेला आहेर परत मागितलेला कुणी ऐकलेला नाही.

शनिवारी सकाळी ऋतुजा पेपरला निघाली. दारात थांबली, वळून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "संध्याकाळी, आई."

मी म्हटलं, "हं."

मी रजा टाकली आणि सासूबाईंना स्कूटीवर मागे बसवून बेडसे गाठलं. मंगल म्हणजे सासूबाईंच्या बहिणीची मुलगी. घर नवं, फरशी इतकी गुळगुळीत की सासूबाई माझा दंड धरून चालत होत्या. पोहे झाले, चहा झाला. सासूबाईंनी फरशीचं कौतुक केलं, खिडक्यांचं केलं, पाण्याच्या टाकीचंही केलं. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी त्यांनी विषयाला हात घातला.

"मंगल, आमचा आहेर आवडला का गं?"

"लय आवडला मावशी. लय उपेगाचा."

"काय निघालं त्यात?"

मंगलच्या हातातली कपबशी क्षणभर थांबली. "डिनरसेट की. इसारला व्हय तुमी?"

मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. तिथेच खरं बोलून मोकळं व्हायचं, तर सासूबाईंना आता मजा वाटायला लागली. त्यांनी विचारलं, वापरायला काढला का? मंगल म्हणाली, कालपास्नं त्यातच जेवतोय समदी. त्यांनी विचारलं, फुलं कंच्या रंगाची हायती? मंगल म्हणाली, निळी. मग त्यांनी विचारलं, सहाचा हाय का बाराचा, तेव्हा मी त्यांना टेबलाखालून चिमटा काढला. मंगल बिचारी घामाघूम झाली होती.

"आगं, पुस्तक हाय त्यात," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ऋतुजाचं. चुकून आलं. आन् मला तरी कुटं ठावं होतं, आमी बी न उघडताच दिलतं."

मंगलने पदर तोंडावर घेतला. आधी मला वाटलं रडतेय, मग खांदे हलायला लागले तेव्हा कळलं की हसतेय. हसू आवरल्यावर तिने सांगितलं की ते पार्सल कालच लोहगडवाडीला गेलं. तिथे तिच्या नणंदेच्या नातवाचं बारसं होतं.

"न उघडताच?" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की मला लाज वाटली.

"तुमीच शिकवलं की मावशी. चिठ्ठी बी चिकटावली हुती, 'कान्ह्याची मावशी' म्हनून. परत तुमच्याकडं जाया नगं."

रिकाम्या हाताने आहेर परत मागायला कसं जायचं, म्हणून मंगलने तिच्या कपाटातून एक पार्सल काढून दिलं. तिघींनी आळीपाळीने कानाला लावून पाहिलं. घड्याळ होतं, यावर एकमत झालं.

दुधिवरे खिंड चढताना स्कूटी धापा टाकत होती. मागे सासूबाई पोटाशी घड्याळ धरून बसल्या होत्या आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं. पोरीने दोन वर्षांत माझ्याकडे विश्वासाने एक गोष्ट सोपवली होती. ती मी पाच दिवस सांभाळू शकले नाही. आणि आता ती पुन्हा गप्प झाली, तर तिला बोलतं करायला माझ्याकडे चौथा भाग नव्हता.

लोहगडवाडीत किल्ल्याच्या पायऱ्यांच्या अलीकडे मंगलच्या नणंदेची, हौसामावशींची, टपरी आहे. शनिवारची गर्दी होती. पाठीवर पिशव्या लावलेली पोरं भज्यांसाठी थांबली होती आणि हौसामावशी कढईपाशी घामेजून उभ्या होत्या. सासूबाईंनी या वेळी डिनरसेटपर्यंत जाऊच दिलं नाही, पहिल्याच वाक्यात खरं सांगून टाकलं.

"त्ये सोनेरी व्हय?" हौसामावशी म्हणाल्या. "आमच्या पूनमनं उघाडलं की. तवापास्नं ती कुणाशी बोलाय तयार न्हाई. हितं मागं हाय बघा."

टपरीमागच्या खोलीत त्यांची सून पूनम बसली होती. असेल एकवीस-बावीसची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय आपोआप हलत होता, मांडीवर आमचं पुस्तक आणि मान खाली. मी येताना वाटेत एक भाषण तयार केलं होतं. पण तिनेच आधी विचारलं.

"तुमी दिलं का हे, ताई?"

मग ती बोलत सुटली. कामशेतला कॉलेजात असताना तिने पहिले दोन भाग लायब्ररीतून आणून वाचले होते. दुसरा संपला आणि लग्न झालं. तिसरा कधी येणार, आला का, कुणाला विचारणार? इथे तर फोनला रेंजसुद्धा पायऱ्यांवर चढल्यावर येते.

"बारशाला समद्यांनी बाळाला आणलं," ती म्हणाली. "टोपडी, झबली, वाळे. माझ्यासाठी म्हणून एवढं एकच निघालं. मला वाटलं, कुणाला तरी ठावं हाय, मला काय आवडतं ते."

भाषण मी गिळून टाकलं. अकरा वर्षं मी लोकांच्या वस्तू परत देतेय. वस्तू तुमचीच आहे कशावरून, हे विचारणं माझं कामच आहे. त्या क्षणी मला तिला काहीही विचारता येईना. पावती माझ्याकडे होती, पण पुस्तक तिचं वाटत होतं.

मागून सासूबाईंनी खाकरून तिला सगळं सांगितलं.  पानांत खूण म्हणून पूनमने झाडूची काडी घातली होती. तिने ती काडी काढली, "दोनशे बारा" असं स्वतःशी पुटपुटली, पदराने पुस्तकाचं कव्हर पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"न्या ताई. पोरगी वाट बघत असंल."

मला इतकं वाईट वाटलं की मी पुस्तक तिथेच कोनाड्यात ठेवलं आणि सरळ बाहेर पडून पायऱ्या चढायला लागले. रेंज आल्यावर ह्यांना फोन लावला. हे ऋतुजाला कॉलेजवरून आणायला गेलेच होते. तिला फोनवर बोलावून मी एका दमात सगळं सांगितलं. गिफ्ट पेपर, कपाट, बेडसे, डिनरसेट, बारसं, पूनम.

पलीकडून आवाज आला, "हं."

दोन वर्षांत मी तिच्या हंचे बरेच अर्थ लावायला शिकले होते. हा मला लागला नाही.

तासाभराने ह्यांच्या मोटारसायकलवरून ती उतरली. हेल्मेट काढलं, माझ्याकडे बघितलंच नाही. मी तिला खोलीत नेलं. पूनम बाळाला छातीशी घेऊन उभी राहायला लागली, ऋतुजाने तिला खाली बसवलं.

"कुठपर्यंत आलात?"

"दोनशे बारा. काय सांगू नगं म्हनाल तर न्हाई सांगत."

"अजिबात सांगू नका. फक्त एवढंच, तुम्हाला काय वाटतं? समर खरा का खोटा?"

"खोटा," पूनम म्हणाली. "त्यो विहिरीपाशी काय बोलला हुता, आठवतंय ना?"

ऋतुजाने बसकण मारली. "मी वर्षभर आईला तेच सांगतेय!"

आणि ती बोलायला लागली. दोघी एकदम बोलत होत्या, एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या, मध्येच माझ्याकडे बोट दाखवून हसत होत्या. मला राग यायला हवा होता. मला फार बरं वाटत होतं.

मग ठरलं की संध्याकाळपर्यंत थांबायचं कशाला, इथेच वाचू. पूनम म्हणाली, तुमी पयल्यापास्नं वाचा, मी परत ऐकते. एक प्रकरण ऋतुजाने, एक मी, एक पूनमने, अशा पाळ्या लागल्या. पाळण्याची दोरी आता सासूबाईंच्या अंगठ्याला होती. हे दाराशी उभे राहून, आपलं या सगळ्याशी काही देणंघेणं नाही असं दाखवत, एक शब्दही सोडत नव्हते. हौसामावशी हातात झारा घेऊन दर दोन पानांनी आत यायच्या, "मंग?" विचारायच्या आणि बाहेर कढईत भजी काळी पडायची. गडावरून उतरलेल्या पोरांनी ती तशीच खाल्ली. किल्ला उतरून आलेलं माणूस काहीही खातं.

इरा बुडालेल्या गावात शिरली तेव्हा हौसामावशींनी झाऱ्याने खिडकीबाहेर दाखवलं. खाली पवना धरणाचं पाणी दिसत होतं. "माझ्या सासूचं म्हायार त्या पाण्याखाली हाय," त्या म्हणाल्या. "त्यो दरवाजा कुटं घावला तर मला बी सांगा." ऋतुजाने एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

पाच प्रकरणं झाली. ऊन उतरलं. पाचव्याच्या शेवटी इराचा पाय दगडात अडकलेला, पाणी छातीपर्यंत, आणि वर समर चावी हातात घेऊन नुसता उभा. ऋतुजाने पुस्तक मिटलं. अंधाराच्या आत खिंड उतरायला हवी होती. मला वाटलं, आता ती पुस्तक पिशवीत टाकणार. तिने ती झाडूची काडी उचलली, दोनशे बारावं पान शोधलं, काडी आत ठेवली आणि पुस्तक पूनमच्या हातात दिलं.

"तुम्ही पूर्ण करा. मी पुढच्या शनिवारी येते. तोपर्यंत मी ग्रुपही उघडणार नाही, म्हणजे शेवट कळणार नाही."

वर्षभर कॅलेंडरवर फुल्या मारणारी मुलगी ही!  मला तर स्कूटीची किल्ली दिसेना, इतके डोळे भरले होते. मी ऋतुजाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो झटकला नाही. माझे सगळे गुन्हे माफ झाले होते. इथेच गोष्ट संपली असती तर मी आज किती भली बाई म्हणून तुमच्यासमोर उभी असते.

मी स्कूटी चालू केली. हौसामावशींनी घड्याळाचं पार्सल कानाशी हलवून पाहिलं, "घड्याळ," म्हणाल्या आणि कपाटात टाकलं. पण सासूबाई मागे बसायला तयार होईनात. टपरीच्या बाकड्यावर ठाण मांडून बसल्या.

"पोरीला तसं पाण्यात सोडून मी न्हाई जायाची. मेली का काय ती, तेवढं सांगा."

ऋतुजा म्हणाली, आजी, पुढच्या शनिवारी कळेल. सासूबाई म्हणाल्या, माझा काय भरवसा, पुढच्या शनवारपावतर. हे म्हणाले, आई, गोष्ट आहे ती. सासूबाईंनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे मोटारसायकलची चेन तपासायला लागले. उजेड भराभर कमी होत होता, खिंडीत दिव्यांचं नाव नाही, माझं डोकं सकाळपासून उठलेलं.

"आई, बसा हो चटकन!" मी म्हटलं. "काही मरत नाही ती. शेवटच्या पानावर धरणाच्या भिंतीवर बसून समरबरोबर चहा पितेय!"

  हौसामावशींचा झारा हवेत राहिला. पूनमने पुस्तक छातीशी धरलं होतं, तिचं तोंड उघडं होतं.

"समर... खरा?" ती म्हणाली.

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. "आई. तू शेवटचं पान वाचलंस."

"वाऱ्याने उघडलं," मी म्हटलं.

आतून बाळ रडायला लागलं. फक्त सासूबाई समाधानाने उठल्या, पदर खोचला आणि माझ्या मागे येऊन बसल्या. "मंग चला," म्हणाल्या.

त्यानंतर ऋतुजा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊण तास बोलली. त्यात माझा स्वभाव, माझी नोकरी, माझा विश्वासघात आणि लोकलच्या खिडकीतला वारा यांवर सविस्तर चर्चा झाली. मी आमटीवर साय धरू दिली. 'समर खरा' ही माझी बाजू शेवटी बरोबर निघाली, हे मी एकदाच सुचवून पाहिलं. परत सुचवलं नाही.

आता ती आणि पूनम दर शनिवारी भेटतात. त्याच लेखिकेची नवी मालिका येतेय म्हटल्यावर दोघींनी मिळून पहिल्या भागाच्या दोन प्रती आगाऊ मागवल्या आणि पत्ता लोहगडवाडीच्या टपरीचा दिला. गेल्या आठवड्यात मला कुरिअरवाल्याचा फोन आला. त्याला वाडीला जायचा रस्ता सापडत नव्हता, आणि वाडीत रेंज नाही म्हणून खाली दुसरा नंबर माझा होता. मी म्हटलं, काही काळजी करू नका, लोणावळ्याला रिसॉर्टवर आणून द्या, मी पोचवते.

तो जरा घुटमळला. "मॅडम, पार्सलवर लिहिलंय, आईच्या हातात देऊ नये. तुम्ही आई का?"

अकरा वर्षांचा अनुभव कामी आला. मी आवाज न बदलता म्हटलं, "नाही हो, मी हाउसकीपिंगमधून बोलतेय."

"तसं नाही मॅडम," तो म्हणाला. "खाली कंसात अजून लिहिलंय. 'ती नाही म्हणेल.'"